आमच्या घरातला रोडरनर कुठे गेला? ओटीटीवाल्यांना आणि स्टुडिओवाल्यांना खुलं पत्र

प्रति,
सिनेमे आणि कार्टून मालिका दाखवणाऱ्या ओटीटी कंपन्या, आणि ते बनवणारे स्टुडिओ, इथे बसून निर्णय घेणाऱ्या सगळ्या साहेबांना आणि मॅडमना,

सप्रेम नमस्कार.

मी नाशिकरोडला राहते. घरी मी, नवरा, आठवीतली मुलगी आणि माझे वडील. त्यांना आम्ही सगळेच आप्पा म्हणतो. आप्पांनी एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक म्हणून ३३ वर्षं काढली. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. आता वॉकर धरून घरातल्या घरात चालतात, डाव्या हाताने जेवतात, पण बोलणं अजून सात-आठ शब्दांच्या पुढे गेलेलं नाही. हो, नको, चहा, माझं नाव, नातीचं नाव, असे मोजके, आणि वर्कशॉपमधला एक शब्द टिकून राहिलाय, "पाना".

स्पीच थेरपीवाल्या ताई म्हणाल्या होत्या की यांना समजतं सगळं, फक्त शब्द सापडत नाहीत, तेव्हा ज्यात बोलणं कमी आहे असं काहीतरी बघायला लावा. आम्ही मालिका लावून पाहिल्या, बातम्या लावल्या, कीर्तन लावलं, पण सगळीकडे माणसं नुसती बोलतच असतात आणि आप्पा दहा मिनिटांत तोंड फिरवायचे. मग एका रात्री मुलीने स्वतःसाठी म्हणून रोडरनर लावलं, सुसाट पळणारा पक्षी आणि त्याच्या मागे लागलेला कोल्ह्यासारखा कोयोटी यांचं कार्टून. तो हडकुळा कोयोटी दगड फेकायचं एक भलंमोठं यंत्र घेऊन उभा होता, दोर ओढला की दगड उडणार आणि त्या पक्ष्यावर पडणार असा त्याचा बेत. त्याने दोर ओढला, काहीच झालं नाही. तो जवळ जाऊन बघायला लागला आणि आप्पांनी डावा हात वर करून जोरात सांगितलं, "नको!" दगड त्याच्याच डोक्यावर पडला. थोड्या वेळाने तो पळता पळता कडा ओलांडून गेला, खाली जमीन नाही तरी हवेतच उभा, आणि आप्पा बोटाने खुणावत होते, खाली बघ रे, खाली बघ. त्याने खाली पाहिलं आणि पडला. आप्पा हसले. तोंडाची एक बाजू हलत नाही तरी हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. झटका आल्यानंतर साडेचार महिन्यांनी आम्ही त्यांना हसताना पाहिलं.

त्या दिवसापासून रोज रात्री जेवणं आवरली की तीन कार्टून, हा आमच्या घरातला नियम झाला. आप्पा प्रत्येक यंत्र तपासून बघायचे, कुठला स्क्रू ढिला आहे, स्प्रिंग कुठून निसटणार, आणि मध्येच "पाना!" म्हणून ओरडायचे, म्हणजे आवळ आधी ते, मग हात लाव. हे आठ महिने चाललं. मग एका महिन्याच्या एक तारखेला रात्री टीव्ही लावला तर "माझी यादी"मध्ये त्या जागी काहीच नाही. शोधून पाहिलं तरी नाही. आदल्या दिवशी रात्री साडेनऊला बघितलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी नाहीशी, एक ओळीचा मेसेज नाही, ईमेल नाही. मी चॅटवर विचारलं तर उत्तर आलं की हे टायटल सध्या तुमच्या भागात उपलब्ध नाही, अजून काही मदत करू का. परत विचारलं, कधी येणार, तर तेच वाक्य पुन्हा. त्याच महिन्यात वर्षाचे पैसे वाढल्याचा मेसेज मात्र वेळेवर आला. कुठल्या ॲपवर झालं ते मी इथे लिहीत नाही कारण मला एका कंपनीशी भांडायचं नाहीये, तुम्ही सगळेच हे करता म्हणून सगळ्यांनाच लिहितेय.

आप्पांना मी काय सांगायचं, हे तुमच्यापैकी कुणी मला सांगेल का? ते रिमोट माझ्याकडे करतात आणि वाट बघतात.

मी शोधायला लागले तेव्हा कळलं की हे फक्त आमच्याकडचं नाही. अमेरिकेत मॅक्स नावाच्या सेवेवरून मार्च २०२५ मध्ये १९३० ते १९६९ या काळातली लूनी ट्यून्सची मूळ छोटी कार्टून्स, ज्यात आमचा रोडरनर येतो, ती काढून टाकली गेली. ज्या कंपनीची ती कार्टून्स, त्याच कंपनीची ती सेवा. म्हणजे लायसन्स संपलं, हक्क दुसऱ्याकडे गेले, असलं काही कारणच नाही, घरातलंच सामान घराबाहेर काढलं. पुढे त्यातली बरीचशी दुसऱ्या एका फुकट सेवेवर आली हे खरं, पण ती तिकडे मिळते, माझ्या वडिलांना इथे मिळत नाही.

ही कार्टून्स म्हणजे काय आहे हे तुम्ही एकदा बसून बघा अशी माझी विनंती आहे. पहिलं रोडरनर कार्टून १९४९ चं, चक जोन्स यांनी दिग्दर्शित केलेलं आणि मायकल माल्टीज यांनी लिहिलेलं. साधारण सहा-सात मिनिटांचा खेळ, संवाद जवळपास शून्य. कोयोटी खडकावर बोगद्याचं चित्र रंगवतो, रोडरनर त्या चित्रातून सरळ पार निघून जातो आणि कोयोटी जायला लागला की भिंतीवर आपटतो. हे समजायला इंग्रजी लागत नाही, मराठी पण लागत नाही. तो पक्षी त्याला कधी मारत नाही, कोयोटी पडतो तो स्वतःच्या घाईमुळे आणि विकत आणलेल्या फसव्या यंत्रांमुळे, आणि म्हणूनच बघणाऱ्याला त्याच्याविषयी माया वाटते. आप्पा पक्ष्याच्या बाजूने कधीच नव्हते, पहिल्या दिवसापासून कोयोटीच्या बाजूने. कष्ट करणारा तो आहे ना.

आणि त्यातलं काम किती बारीक आहे बघा. तो कड्यावरून पडतो त्याचा हिशोब चक जोन्सनी फ्रेमवर बसवलेला होता, १८ फ्रेममध्ये तो खाली जाऊन दिसेनासा होतो आणि त्यानंतर १४ फ्रेमनी तळाला धुळीचा छोटा ढग उठतो. एका सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे ती मधली शांतता अर्ध्या सेकंदाच्या जरा वर. हसू तिथे येतं, त्या अर्ध्या सेकंदात. माझ्या मुलीला हे सांगितलं तर तिने जुन्या वहीच्या कोपऱ्यात एकेक करून ३२ चित्रं काढली, कोयोटी लहान लहान होत जाणारा, मग नुसता कडा, आणि शेवटच्या पानावर धूळ. आप्पा ती वही डाव्या अंगठ्याने फरफर उलटतात. सध्या आमच्या घरात रोडरनर म्हणजे ती वही आहे. याच दिग्दर्शकाचं १९५७ चं "व्हॉट्स ऑपेरा, डॉक?" अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत १९९२ साली घेतलं गेलं, म्हणजे त्यांच्या सरकारी यादीत जतन करण्यासारखं म्हणून त्याची नोंद आहे. आणि तुम्ही अशा गोष्टी एक तारखेला काढून टाकता.

ही झाली माझी पहिली तक्रार. न सांगता काढणे.

दुसरी तक्रार याच्याहून मोठी आहे, तयार झालेलं काम कुलूप लावून ठेवणे. याच कोयोटीवर एक पूर्ण सिनेमा झाला, "कोयोटी व्हर्सेस ॲक्मी", दिग्दर्शक डेव्ह ग्रीन, त्यात विल फोर्टे आणि जॉन सीना. इतकी वर्षं यंत्रं फुटली, रॉकेट उलटे उडाले, म्हणून कोयोटी ती यंत्रं विकणाऱ्या कंपनीला कोर्टात खेचतो अशी गोष्ट. सुमारे ७ कोटी डॉलर खर्च झाल्याच्या बातम्या होत्या, सिनेमा पूर्ण झालेला होता, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये स्टुडिओने सांगितलं की आम्ही तो दाखवणार नाही, तोटा दाखवून टॅक्समध्ये सूट घेणार. शेकडो चित्रकारांनी, ॲनिमेटरांनी, लाइटवाल्यांनी वर्षानुवर्षं हात दुखेपर्यंत काम केलं आणि ते कुणी बघायचंच नाही. लोक चिडले, सिनेमावाले चिडले, तेव्हा कुठे तो दुसऱ्याला विकायची परवानगी मिळाली, २०२५ मध्ये एका छोट्या कंपनीने घेतला आणि २०२६ ची तारीख जाहीर केली. हा वाचला. पण "बॅटगर्ल" नाही वाचला, ऑगस्ट २०२२ मध्ये सुमारे ९ कोटी डॉलरचा तो सिनेमा तसाच बंद करून टाकला. "फायनल स्पेस" नावाची अंतराळातली विनोदी कार्टून मालिका होती, ओलन रॉजर्स यांची, तीन सीझन झाले, तिचाही असाच टॅक्ससाठी हिशोब केला, आणि तिच्या कर्त्याला गोष्टीचा शेवट शेवटी चित्रकथेच्या पुस्तकात करावा लागला. ज्या माणसाने ते जग उभं केलं त्यालाच त्या जगात परत जायची सोय नाही!

मी अकाउंटसमध्येच नोकरी करते. राइट ऑफ, म्हणजे तोटा दाखवून हिशोबातून काढून टाकणं, ते काय असतं ते मला नीट माहिती आहे. गंजलेलं मशीन राइट ऑफ करतात. चालतं मशीन कुणी तोटा दाखवायला फोडत नाही.

आता तुम्ही म्हणाल की चाललं नाही ते काढलं, लोक बघत नव्हते. इथेच मला तुमच्याशी वाद घालायचाय, कारण विनोदी गोष्टींच्या बाबतीत हा हिशोब चुकतोच, आणि तुमच्याच धंद्यात त्याचे पुरावे पडलेत. "ऑफिस स्पेस" हा १९९९ चा सिनेमा घ्या. माइक जज यांचा. थिएटरमध्ये फार कुणी गेलं नाही. मग केबलवर लागायला लागला, डीव्हीडी निघाली, आणि ऑफिसात काम करणाऱ्या माणसांनी एकमेकांना सांगत सांगत तो डोक्यावर घेतला. मी तो पहिल्यांदा कॉलेजात असताना पाहिला आणि मला काही खास वाटला नव्हता. नंतर पुण्यात पहिली नोकरी लागली, एकाच कामाबद्दल तीन तीन साहेब वेगवेगळे येऊन विचारायचे, आणि मग एका रविवारी रूमवर तो परत लागला तेव्हा मी पोट धरून हसले. ते तिघं ऑफिसातला सारखा अडकणारा प्रिंटर उचलून माळरानावर नेतात आणि बॅटने फोडतात तो प्रसंग मला तेव्हा कळला, कारण तेव्हा माझ्याही टेबलाशेजारी तसाच एक प्रिंटर होता. सिनेमा तोच होता, मी तयार नव्हते. तो तिथे माझी वाट बघत थांबला म्हणून मला मिळाला. त्याच माइक जज यांची "किंग ऑफ द हिल" ही कार्टून मालिका १९९७ ला सुरू झाली, २०१० ला संपली, आणि २०२५ मध्ये परत आली, कारण मधल्या वर्षांत लोक ती बघत राहिले. बघायला जागेवर होती म्हणून बघत राहिले!

(जाता जाता, माझ्या मते "किंग ऑफ द हिल" ही सगळ्यांत कमी लेखलेली मालिका आहे. गॅसच्या टाक्या विकणारा, कमी बोलणारा, मुलाच्या वागण्याने गोंधळून जाणारा पण त्याच्यावर जीव टाकणारा बाप. टेक्सासचा असला तरी असे बाप मी नाशिकच्या कॉलनीत दहा तरी पाहिलेत.)

"फ्युचरामा"चं तेच. १९९९ ला सुरू, २००३ ला बंद, मग डीव्हीडीवर परत, मग दुसऱ्या चॅनलवर, २०१३ ला पुन्हा बंद, २०२३ ला पुन्हा सुरू. "फॅमिली गाय" २००२ मध्ये बंद केली होती, डीव्हीडी इतक्या खपल्या आणि रात्रीचे रिपीट इतक्यांनी बघितले की २००५ मध्ये परत आणावी लागली. मला स्वतःला ती फार आवडत नाही, मध्येच कशाचाही संबंध नसलेला विनोद घुसवायची तिची सवय मला दमवते, पण मला आवडत नाही म्हणून ती कुणालाच दिसू नये असं मी कधी म्हणणार नाही. आणि "द आयर्न जायंट", ब्रॅड बर्ड यांचा, ज्यांनी आधी "द सिम्पसन्स" या कार्टून मालिकेत काम केलं होतं. १९९९ मध्ये पडला. आज कित्येक घरांत मुलं तो बघून रडतात, माझी मुलगी दोनदा रडली. आजच्या तुमच्या नियमाने तो तेव्हाच राइट ऑफ झाला असता ना? मग ही मुलं काय बघणार होती?

तिसरी तक्रार कापाकापीची. "द सिम्पसन्स"ची पहिली वीसेक वर्षं चौकोनी पडद्यासाठी काढलेली आहेत. नोव्हेंबर २०१९ मध्ये डिस्ने प्लसवर ती आली तेव्हा आजचे टीव्ही रुंद आहेत म्हणून चित्राचा वरचा आणि खालचा भाग कापून ती लावली. त्यात एक प्रसंग आहे, बिअरच्या कारखान्यात तीन मोठ्या टाक्या, तीन वेगळी नावं, डफ, डफ लाइट, डफ ड्राय, आणि वर बघितलं तर तिन्ही टाक्यांत एकाच पाइपातून माल येतोय. सगळा विनोद त्या पाइपात, आणि पाइपच कापला गेला. लोकांनी आरडाओरडा केल्यावर मे २०२० मध्ये मूळ आकाराचा पर्याय दिला. दिला, चांगलं केलं, त्याबद्दल आभार आहेत. पण मग बाकीच्यांनी त्यातून काय घेतलं? आजही जुनी कार्टून्स कुठे ताणून लावलेली असतात, कोयोटी आडवा जाडजूड दिसतो, कुठे वरून खालून छाटलेली असतात. कड्यावरून पडण्याचा विनोद आहे हो तो, उंचीच कापली तर पडणार कुठून?

त्याला लागूनच, शेवटची नावं. गोष्ट संपली रे संपली की चित्र कोपऱ्यात चिमणीएवढं होतं आणि पाच सेकंदांत पुढचा भाग. "बोजॅक हॉर्समन" या कार्टून मालिकेचा शेवटचा भाग, २०२० चा, छपरावर दोघं बसलेत, बोलायचं सगळं बोलून झालंय, दोघं एकमेकांकडे बघतात, आकाशाकडे बघतात, आणि कुणी काही बोलत नाही. सहा सीझनच्या गोष्टीचा शेवट त्या न बोलण्यात आहे, आणि नावं येतात तेव्हा त्याच चित्रात आपण थोडा वेळ बसून राहायचं असतं. माझ्या स्क्रीनवर त्या वेळी कुठल्यातरी रिॲलिटी शोची जाहिरात ओरडायला लागली. याच मालिकेत २०१६ मध्ये एक भाग समुद्राखालचा होता, जवळजवळ पूर्ण मुका, बोजॅकला काहीतरी सांगायचंय आणि सांगता येत नाही. आप्पांचं आजारपण सुरू झाल्यावर तो भाग मी परत पाहिला आणि मला माझ्या वडिलांच्या डोक्यात काय होत असेल ते थोडं कळलं. डॉक्टरांनी रिपोर्ट दाखवून सांगितलं होतं त्यापेक्षा जास्त कळलं. असली गोष्ट तुमच्याकडे आहे आणि तुम्ही तिच्या तोंडावर पुढच्या कार्यक्रमाची पाटी मारता. "स्किप इंट्रो"चं बटण पण तसंच, सिम्पसन्समध्ये फळ्यावर बार्ट काय लिहितो आणि कोचावर काय होतं ते दर वेळी बदलतं, फ्युचरामात नावाखालची ओळ दर वेळी वेगळी, हे बसून कुणीतरी लिहिलेलं असतं. बटण ठेवा, पण आपोआप उडवू नका.

आणि आता जरा अवघड विषय, भाग गाळणे. २०२१ मध्ये हाँगकाँगमध्ये डिस्ने प्लस आलं तेव्हा चीनने १९८९ मध्ये जिथे आंदोलन चिरडलं त्या तिआनमेन चौकाचा उल्लेख असलेला सिम्पसन्सचा २००५ चा भाग यादीत नव्हता. अकराव्यानंतर सरळ तेरावा. एचबीओ मॅक्सवर २०२० मध्ये "साउथ पार्क" ही कार्टून मालिका आली तेव्हा पाच भाग नव्हते. काही भागांवरून लोकांच्या भावना दुखावतात, काही ठिकाणी जिवाला धोका असतो, हे मी नाकारत नाही, ते निर्णय कुणालाही सोपे नसणार. पण यादीत नंबर गाळून गप्प बसायचं आणि बघणाऱ्याला कळूच द्यायचं नाही की इथे काहीतरी होतं, हे मला मान्य नाही.

सिम्पसन्समधला भारतीय दुकानदार आपू नहासपीमापेटिलॉन, त्याच्याबद्दल तर आम्हाला बोलायचा हक्क आहे. माझा मामेभाऊ न्यू जर्सीत एडिसनला वाढला. शाळेत त्याला मुलं "थँक यू, कम अगेन" हे आपूचं वाक्य म्हणून चिडवायची, त्याच सुरात, आणि तो घरी येऊन मामीला सांगायचा नाही. २०१७ मध्ये विनोदवीर हरी कोंडाबोलू यांनी यावर माहितीपट केला तेव्हा भाऊ मला म्हणाला की कुणीतरी बोललं एकदाचं. त्यानंतर २०२० मध्ये आपूला आवाज देणारे हँक अझारिया यांनी तो आवाज देणं थांबवलं, ते योग्यच केलं असं मला वाटतं. पण पुढे काय झालं, तर आपूला तोंडच राहिलं नाही, गर्दीत कुठेतरी उभा दिसतो. भाऊ म्हणतो की आम्ही त्याला गप्प करा म्हणालो नव्हतो, आम्ही म्हणत होतो त्याला नीट लिहा, आपल्यातल्या कुणाचा तरी आवाज द्या. हा माणूस पीएचडी आहे, दुकान चालवतो, आठ मुलांचा बाप आहे, अमेरिकेतल्या कुठल्याही गल्लीतला आपला माणूस, त्याच्याकडे सांगायला गोष्टी नसतील का? चूक झाली तर दुरुस्त करायची असते. तुम्हाला एक तर पुसून टाकता येतं नाहीतर गप्प करता येतं, तिसरं काही जमतच नाही असं दिसतं.

महाराष्ट्रातल्या माणसाला हे पुसणं काय असतं ते सांगावं लागत नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्ये "आगकाड्यांची मौज" केलं, आगपेटीतल्या काड्या एकेक फ्रेम हलवून त्यांना नाचवणारं, आपल्या देशातलं सुरुवातीचं ॲनिमेशन. ते आज नाही. कुणीच बघू शकत नाही. मी नाशिकची आहे, फाळक्यांचा जन्म इथे त्र्यंबकेश्वरचा, पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, मुलीला तिथे नेलं तेव्हा तिने विचारलं की आई, ते काड्यांचं कुठे बघायला मिळेल, आणि मला नाही म्हणावं लागलं. आपला पहिला बोलपट "आलम आरा", त्याची प्रत नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या गोदामाला आग लागली त्यात जुन्या सिनेमांची कितीतरी रिळं गेली. फाळक्यांच्या "राजा हरिश्चंद्र"चं जे काही उरलंय ते पुण्याच्या फिल्म संग्रहालयाच्या पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने धडपडून मिळवलं म्हणून उरलंय. त्या काळी फिल्म जपणं अवघड होतं, ती पेट घ्यायची, खराब व्हायची, पैसे नसायचे, चांदी काढायला लोक रिळं विकून टाकायचे. तुमच्याकडे तर यातली एकही अडचण नाही. फाइल आहे, सर्व्हर आहे, पैसे आम्ही दर वर्षी भरतो. तरी गोष्टी नाहीशा होतात तर त्या कुणीतरी ठरवून होतात.

तर माझ्या मागण्या अशा आहेत, आणि त्या मी हात जोडून पण स्पष्ट मागतेय.

काहीही काढायच्या आधी निदान ६० दिवस सांगा. ईमेल पाठवा, त्या टायटलवर तारीख लिहा, आणि ते पुढे कुठे मिळणार असेल तर ते पण लिहा. वाढलेले पैसे कळवता येतात तसं हे पण कळवता येतं.

पूर्ण झालेला सिनेमा किंवा मालिका तुम्हाला चालवायची नसेल तर ज्याला चालवायची आहे त्याला विका. कुणीच घेत नसेल तर चांगली प्रत फिल्म संग्रहालयात द्या. टॅक्ससाठी कुणाचं काम कायमचं बंद करू नका.

चित्र मूळ आकारात दाखवा आणि तेच आधी लागू द्या, ज्याला रुंद हवं तो बदलेल. शेवटची नावं पूर्ण चालू द्या, पुढचा भाग आपोआप सुरू करायचं बटण आधीपासून बंद असू द्या.

एखादा भाग गाळला असेल तर त्याच्या जागी तसं लिहा. नंबर, नाव, आणि का गाळला ते एक ओळ.

विकत घेता येईल असं काहीतरी ठेवा. डिस्क काढा, नाहीतर फाइल विका जी माझ्याकडेच राहील. मी भंगार बाजारातून एक जुनी डीव्हीडी आणली दीडशे रुपयांना, शेजाऱ्यांकडून प्लेअर मागून आणला, डिस्क खरचटलेली निघाली, दोनच कार्टून चालतात आणि तिसऱ्यात कोयोटी हवेतच थांबून राहतो, खाली येतच नाही. आप्पा खाली बोट दाखवत बसतात. नवीन डिस्क मिळत असती तर मी हजार रुपये दिले असते.

आणि मराठी सबटायटल द्या. बोजॅकमधलं, किंग ऑफ द हिलमधलं बोलणं माझ्या सासूबाईंना, मावशीला कळावं असं मला वाटतं, त्यांना पण असे बाप आणि असे एकटे लोक ओळखीचे आहेत. पण चांगल्या माणसाकडून करून घ्या, मशीनमधून काढलेलं नको, विनोद भाषांतरात पहिला मरतो.

रोडरनर आमच्याकडे परत कधी येणार, येणार की नाही, एवढं निदान एका माणसाने मला सरळ सांगावं. तक्रारीचा नंबर तुमच्याकडे आहे, तीन वेळा चॅट केलंय, प्रत्येक वेळी नवीन नंबर मिळालाय. मी दसऱ्यापर्यंत वाट बघणार आहे, तोपर्यंत उत्तर आलं नाही तर वर्गणी बंद करणार आणि ते पैसे डीव्हीडी प्लेअर घ्यायला वापरणार. ज्यांच्या घरी असंच झालंय त्यांनी आपापल्या ॲपला लिहा, नुसतं "परत आणा" एवढं लिहिलं तरी चालेल, सिम्पसन्सचा पाइप लोकांनी लिहिल्यामुळेच परत आला होता.

आपली,
एक वर्गणीदार आणि आप्पांची मुलगी,
नाशिकरोड